ग्लासवर नाव कोरताना टवके उडतात, रेघ घसरते: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

रोटरी टूल (बाजारात त्यालाच मिनी ग्राइंडर म्हणतात) आणि डायमंड बिट (हिऱ्याचे कण चिकटवलेलं, टूलमध्ये बसवायचं टोक) घेऊन घरी ग्लासवर नाव, तारीख किंवा नक्षी कोरताना एकच दोष पुन्हा पुन्हा येतो. दिसतो मात्र वेगवेगळ्या रूपांत. आधी आपल्याकडे त्यातलं नक्की काय होतंय ते बघून घ्या.

लक्षणं

- रेघेचा मधला भाग पांढरा, मॅट आहे. पण दोन्ही कडांना बारीक टवके उडालेत आणि ते उजेडात चमकतात.
- बिट अक्षर सोडून बाजूला पळतो आणि काचेवर एक नको असलेला ओरखडा उमटतो.
- काच पांढरी होतच नाही. नुसती चकाकणारी, तेलकट दिसणारी रेघ येते आणि बिट कर्कश किंचाळतो.
- रेघ आडवी ओढताना लाटांसारखी वेडीवाकडी येते, उभी ओढताना बरी येते.
- ग्लास फिरवताना एका ठरावीक जागीच बिट उडी मारतो.
- कोरता कोरता ‘टिक’ असा आवाज येतो आणि रेघेच्या टोकातून तडा निघतो.

शेवटचं लक्षण दिसलं तर पुढचं काही करू नका, टूल बंद करा आणि थेट ‘कधी थांबायचं’ हा भाग वाचा. बाकीच्यांसाठी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. हात कच्चा आहे किंवा काच हलकी आहे असं ठरवून लोक नवीन टूल आणायला निघतात, तेवढं आधी थांबवा.

१. ग्लास कोरण्याजोगा आहे का?

ही तपासणी पहिली, कारण इथे उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचं सगळं गैरलागू आहे.

टफन्ड किंवा टेम्पर्ड काच कधीही कोरायची नाही. तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला थर ताणाखाली असतो. कोरलेली रेघ त्या वरच्या थरातून आत गेली की अख्खा ग्लास एकदम हातात फुटतो, क्वचित काही तासांनीसुद्धा. तळाशी ‘टेम्पर्ड’ असा शिक्का आहे का बघा. ड्युरालेक्सचे पेले याच प्रकारातले. जेवणाच्या सेटमधली दुधी ओपल काचही याच कारणाने बाजूला ठेवा.

शिक्का नसेल तर घरातच करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर धरा आणि पडदा काळा दिसेपर्यंत गॉगल फिरवा. आता पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये ग्लास धरून हळूहळू फिरवा. साधा, नीट थंड केलेला ग्लास जवळपास एकसारखा काळसर दिसतो. काचेत ताण कोंडलेला असेल तर उजळ पट्टे, ठिपके किंवा रंग उमटतात. असे ठळक पट्टे दिसले की तो ग्लास कोरायला घेऊ नका. स्वस्त ग्लासांत कधीकधी टेम्परिंग नसतानाही, नीट थंड न केल्यामुळे, ताण राहिलेला असतो. ‘टिक’ होऊन तडा जाण्यामागे हे एक मोठं कारण.

सरावाला सगळ्यात बरा म्हणजे जाड भिंतीचा, गुळगुळीत, साधा सोडा-लाइम, म्हणजे नेहमीच्या काचेचा ग्लास. कटिंग चहाचा खाचांचा ग्लास स्वस्त मिळतो, पण त्याच्या प्रत्येक धारेवर बिट ठेचकाळतो. साच्यात दाबून केलेल्या ग्लासाला उभी शिवण असते. ती डोळ्यांना दिसत नाही, नख आडवं फिरवलं की लागते. ‘एकाच जागी उडी’ हे लक्षण असेल तर दोष बहुधा तिचाच. ती शोधून मार्करने खूण करा आणि नाव तिच्यापासून दूर घ्या.

वरच्या काठापासून किमान १५ मिलिमीटर खाली आणि तळाच्या वळणाच्या वर, एवढ्याच पट्ट्यात काम करा. काठ आणि तळाचं वळण या दोन जागा सगळ्यात आधी तडकतात, शिवाय काठावर ओठ टेकतात. कोरायचं नेहमी बाहेरून. रंगीत छपाई किंवा सोनेरी पट्टा असलेल्या भागावर बिट लावू नका, त्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं.

२. बिट ओला आहे का?

कोरडं कोरलं की काचेची पूड हिऱ्याच्या कणांमध्ये ठासून बसते, बिट कापायचा थांबतो आणि घासायला लागतो. घासण्यातून उष्णता निघते. सोडा-लाइम काच उष्णतेने बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेच्या, जवळपास तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे एका ठिपक्याएवढी जागा तापली तरी भोवतालच्या गार काचेशी तिची ओढाताण होते आणि कडा सुटतात. फ्रिजमधून काढलेला किंवा नुकताच गरम पाण्याने धुतलेला ग्लास लगेच कोरायला न घेण्याचं कारणही हेच.

अर्ध्या वाटी पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका. ड्रॉपरने किंवा ओल्या स्पंजने कोरायच्या जागी पाण्याचा पातळ थर कायम ठेवा. थर पांढुरका, दुधट झाला की पुसून नवा थेंब. पुसून बघितल्याशिवाय रेघ कशी आली हे कळतच नाही, त्यामुळे दर दोनतीन सेंटिमीटरला हात थांबला पाहिजे. पाण्यामुळे पूडही हवेत उडत नाही. तरी चष्म्यावरून बसणारा गॉगल आणि एन-९५ मास्क हवाच, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर नको.

पाणी आणि वीज जवळजवळ आहेत हे विसरू नका. वायरचं टूल थेट ओल्या कामावर धरण्यापेक्षा फ्लेक्सिबल शाफ्ट (मोटरची फिरकी बिटपर्यंत नेणारी लवचीक नळी) लावा आणि मोटर वर टांगा. ज्या प्लगवर काम चाललंय त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. ग्लास पाण्याच्या टबात धरून कोरायचा नाही.

३. दाब आणि वेग

टवक्यांचं सगळ्यात सर्रास कारण म्हणजे दाब. काच खरवडली जात नाही, हिऱ्याचा प्रत्येक कण तिचा सूक्ष्म तुकडा उडवत असतो. दाब कमी असेल तर तुकडे इतके बारीक असतात की रेघ मॅट दिसते. दाब वाढला की तुकडे मोठे होतात, आणि मोठा तुकडा म्हणजेच टवका. टूलचं स्वतःचं वजनही पूर्ण टेकवायचं नाही. पहिल्या हातात फक्त धूसर खूण दिसायला हवी. दुसऱ्या-तिसऱ्या हातात ती पांढरी होते, आणि नखाला जेमतेम लागेल इतकी खोली प्यायच्या ग्लासाला पुरे.

वेगाचा हिशोब बिटच्या जाडीवर आहे. १ मिलिमीटरचा गोल बिट मिनिटाला २०,००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याच्या परिघाचा वेग सेकंदाला साधारण १ मीटर असतो. त्याच फेऱ्यांना ३ मिलिमीटरचा बिट तिप्पट वेगाने काचेवर घासतो. म्हणून बारीक बिटला १५,००० ते २०,००० आणि भरीव भाग भरायच्या जाड बिटला १०,००० किंवा त्याखाली. वेग फार कमी ठेवला तर बिट काचेत अडकून अडकून चालतो, टवके उडतात. फार वाढवला तर तापतो आणि हिरे गमावतो. पूर्ण ३०,०००च्या पुढे काचेवर काहीच काम नाही.

भांड्यांच्या दुकानात स्टीलच्या डब्यावर नाव घालून देतात ते मशीन घरी असेल तर त्याने पातळ ग्लास कोरू नका. ते फिरत नाही, ठोके मारतं, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला सुमारे ६,०००. स्टील ते सहन करतं. पातळ काचेवर प्रत्येक ठोक्याचा एक टवका.

४. हाताचा टेकू आणि बिटची ओढ

फिरणारा बिट काचेवर चाकासारखा पळायला बघतो. उजव्या हातात पेनासारखं टूल धरलं तर बहुतेक टूलमध्ये तो तुमच्यापासून लांब पळतो, डावखुऱ्यांच्या हातात अंगाकडे येतो. फुटक्या ग्लासाच्या तुकड्यावर अगदी हलका टेकवून बघा, ओढ कुठे आहे ते दोन सेकंदांत कळतं. रेघ नेहमी त्या ओढीच्या विरुद्ध ओढायची, म्हणजे उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी अंगाकडे. ओढीच्याच दिशेने गेलात की बिट हातातून निसटतो आणि तो बाजूचा ओरखडा पडतो. रेघा नुसत्याच घसरत असतील, टवके नसतील, तर दोष जवळजवळ नक्की इथे आहे.

टॉवेल ओला करून गुंडाळी करा, त्यात ग्लास आडवा ठेवा. करंगळी आणि तळहाताची कड काचेवर टेकलेलीच राहिली पाहिजे. ग्लासाच्या आत डिझाइनचा कागद लावून मागे कापडाचा बोळा घट्ट कोंबा. त्याचे दोन फायदे आहेत: काच झणझणत नाही, आणि कागद भिंतीला चिकटून राहतो. कागद सुटा राहिला तर तिरकं बघितल्यावर काचेच्या जाडीमुळे खालची रेघ सरकलेली दिसते आणि अक्षर वाकडं होतं. खाली निमुळता होणारा ग्लास असेल तर कागदाची सरळ पट्टी बसणारच नाही. ग्लासाभोवती कागद गुंडाळून, वरची-खालची कड आखून कापा, म्हणजे हवा तो वक्र आकार मिळतो.

५. मराठी नाव असेल तर: शिरोरेखा

रोमन अक्षरं कोरण्याच्या सूचना देवनागरीला पुरत नाहीत. आपल्या नावावरून एक लांब आडवी रेघ ग्लासाच्या गोलाईवर जाते, आणि ती थोडीही लाटांसारखी आली तर बाकी अक्षरं कितीही सुबक असोत, काम कच्चं दिसतं.

उपाय ग्लास फिरवण्यात आहे. उभ्या काना-दांड्या कोरताना ग्लासाचं तोंड किंवा तळ तुमच्याकडे ठेवा, म्हणजे त्या अंगाकडे ओढता येतात. सगळ्या दांड्या एकाच बैठकीत करा. मग ग्लास ९० अंशांत वळवून डावी-उजवीकडे आडवा ठेवा. आता शिरोरेखा तुमच्या अंगाकडे येते. इथे टूल हलवायचं नाही. बिट एका जागी टेकवून डाव्या हाताने ग्लास अंगापासून लांब गुंडाळत न्यायचा. एका वेळी ५ ते ८ मिलिमीटर, म्हणजे दोन दांड्यांमधलं अंतर. अख्खी शिरोरेखा एका दमात काढायला जाऊ नका.

शिरोरेखा शेवटी घ्यायची, कारण टवके सगळ्यात जास्त उडतात ते सांध्यांवर. चालता बिट आधीच्या खाचेत उतरतो आणि पलीकडच्या कडेवर आपटतो. म्हणून एक रेघ दुसरीच्या आरपार न्यायची नाही. खाचेच्या केसभर आधी थांबा, बिट उचला, पलीकडून सुरुवात करून पुन्हा अलीकडे येऊन थांबा, आणि राहिलेला बारीक पडदा शेवटी दोनतीन ठिपके टेकवून घालवा. ‘म’ आणि ‘भ’च्या गाठी, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्री’ यांत असे सांधे एकमेकांना खेटून येतात. १ मिलिमीटरचा बिट वापरत असाल तर शिरोरेखेखालचं अक्षर १२ मिलिमीटरपेक्षा लहान घेऊ नका, नाहीतर गाठीच्या आतली जागा टवक्यांनीच भरून जाते. नाजूक कॅलिग्राफीपेक्षा एकसारख्या जाडीचा फाँट निवडा. जाड अक्षर हवंच असेल तर आधी बारीक बिटने बाह्यरेषा आणि मग आतला भाग जाड बिटने, कडेपासून अर्धा मिलिमीटर आत राहून.

६. बिट भरलाय की संपलाय?

आतापर्यंतचं सगळं बरोबर असूनही रेघ पांढरी होत नसेल तर बिट बघा. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासा. मग चालू बिट, वेग कमी ठेवून, ओल्या अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या धार लावायच्या दगडावर क्षणभर टेकवा. रुतून बसलेली पूड निघते आणि हिरे उघडे पडतात. कोरायच्या जागेवर सेलोटेप लावून त्यावरून कोरत असाल तर ते बंद करा, टेपचा गोंद बिटवर पसरतो आणि तो सहजी निघत नाही.

साफ करूनही फरक पडला नाही तर बिट संपला. स्वस्त बिटवर हिऱ्याचा एकच थर निकेलने चिकटवलेला असतो. तो गेला की खाली नुसतं स्टील, आणि त्याला धार लावता येत नाही. भिंगातून टोक बघा: खरखरीत राखाडीऐवजी गुळगुळीत चमक दिसली की टाकून द्या. हा निर्णय घेताना मन खातं खरं, पण हे पक्कं धरून चाला: दाब वाढवावासा वाटला की बिट तपासायची वेळ आलेली असते. झिजलेल्या बिटवर जोर देत राहिल्यानेच सगळ्यात जास्त ग्लास वाया जातात.

नवीन घेताना दाणा बघून घ्या. दोनतीनशे रुपयांच्या सेटमधले बिट बहुधा १२० ते १५० ग्रिटचे, म्हणजे भरडे असतात. ते भरायला ठीक, अक्षराच्या कडेला नाही. दातांच्या डॉक्टरांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत मिळणारे डेंटल बिट अक्षरांसाठी फार चांगले. त्यांच्या दांडीवरच्या रंगीत पट्ट्यावरून दाणा कळतो: हिरवा भरडा, निळा मध्यम, लाल बारीक, पिवळा अतिबारीक. नावासाठी लाल घ्या. हत्यारांच्या दुकानांत, म्हणजे पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, साधे बिट मिळतात. तिथे जाताना टूलचा कॉलेट (टूलच्या तोंडात बिटची दांडी आवळून धरणारी चिरा असलेली नळी) खिशात घेऊनच जा. का, ते पुढे.

७. कॉलेट आणि डगमग

नवा बिट, हलका हात, पाणी, सगळं आहे आणि तरी दोन्ही कडांना टवके आहेत? मग बिट मध्यावर फिरत नाहीये. केसभर डगमग असली तरी तो दर फेरीला काचेवर आपटतो, म्हणजे मिनिटाला हजारो ठोके.

कारण बहुतेकदा मापाचं असतं. बिटच्या दांड्या २.३५ किंवा ३ मिलिमीटरच्या मिळतात, डेंटलच्या हाय-स्पीड बिटची दांडी १.६ मिलिमीटरची, आणि टूलसोबत येणारा कॉलेट बहुधा ३.२चा. ३.२च्या कॉलेटमध्ये २.३५ची दांडी आवळून बसवली तर ती एका बाजूला रेलते. २.३५ला २.४चा कॉलेट, ३ला ३चा, १.६ला १.६चा. कॉलेटचा संच स्वस्त आहे, आणि या यादीतला सगळ्यात जास्त गुण देणारा खर्च हाच.

तपासायचं असं: टूल कमी वेगावर चालू करून बिटचं टोक पांढऱ्या कागदासमोर धरा. एकच ठिपका दिसला तर ठीक. दोन ठिपके किंवा धूसर वर्तुळ दिसलं तर डगमग आहे. प्लग काढा, नट सैल करा, कॉलेटच्या चिरांमधली पूड ब्रशने काढा, दांडी पाव फेरी फिरवून पुन्हा आवळा. दांडी आत तळाला टेकवून, मग मिलिमीटरभर बाहेर ओढून घट्ट करा. बाहेर राहणारी लांबी जितकी कमी तितकी डगमग कमी, साधारण १२ मिलिमीटर पुरे. तीन जबड्यांचा चक लावला असेल तर तो काढून कॉलेट वापरा. चक सोयीचा असतो, पण तेवढा मध्यावर बसत नाही.

बिट बदलून, कॉलेट बदलूनही दोन ठिपके दिसतच असतील तर एक शेवटची खात्री करा. प्लग काढून टूलचं तोंड बोटांत धरून आडवं हलवा. खुळखुळ जाणवली तर आतलं बेअरिंग गेलंय.

८. टूलची मोटर

कोरताना वेग आपोआप वरखाली होत असेल तर कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे, झिजणारे कार्बनचे ठोकळे) बघा. बऱ्याच टूलना बाहेरून स्क्रूड्रायव्हरने उघडणाऱ्या दोन टोप्या असतात. प्लग काढून ब्रश बाहेर काढा. कार्बन ३ मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल किंवा टोक फुटलं असेल तर दोन्ही एकदम बदला. बसवल्यावर काही मिनिटं बिनभाराचं चालवा. टोप्या नसतील तर बॉडी उघडू नका.

कधी थांबायचं आणि कोणाकडे जायचं

ग्लासाला तडा दिसला, कितीही बारीक असो, तर तो प्यायला वापरायचा नाही. चिकटवूनही नाही. गरम चहा किंवा बर्फ पडला की तो तिथूनच उघडतो. कोरून झाल्यावर प्रत्येक ग्लास आतूनबाहेरून धुवा, उजेडासमोर धरून रेघांची टोकं आणि सांधे भिंगातून बघा, आतून पुसलेलं कापड कुठे अडकतंय का तेही पाहा. पांढरं पाणी सिंकमध्ये ओतू नका, वर्तमानपत्रात टिपून, गुंडाळून कचऱ्यात टाका. टेबल कोरड्या झाडूने न झाडता ओल्या कापडाने पुसा.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा आणि टोचणं थांबलं नाही तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

टूलला हात लावल्यावर झिणझिण्या येणं, जळका वास, ब्रश बदलूनही मोठ्या ठिणग्या, किंवा बेअरिंगची खुळखुळ: यांपैकी काहीही असेल तर प्लग काढा आणि पॉवर टूल दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. स्वस्त टूलचं बेअरिंग बदलण्याचा खर्च नव्या टूलच्या जवळ जातो, म्हणून आधी किंमत विचारा.

आजीच्या काळातला क्रिस्टलचा सेट, पातळ दांडीचे वाइन ग्लास किंवा ज्याचा जोड बाजारात मिळणार नाही असा कुठलाही ग्लास घरी कोरू नका. लेड क्रिस्टल मऊ असल्याने कोरायला सोपं वाटतं, पण त्याच्या पुडीत शिसं असतं. हे काम ट्रॉफी आणि काचेच्या पाट्या करणाऱ्यांकडे द्या, त्यांच्याकडे सँडब्लास्टिंग (जोराच्या हवेने वाळूसारखे कण मारून काच कोरणं) असतं. लग्नात किंवा मुंजीत परतभेट म्हणून एकसारखे पन्नास-शंभर ग्लास हवे असतील तेव्हाही तिथेच जा. त्यांना नाव व्हेक्टर फाइलमध्ये द्या, अक्षरांची रूपांतरित बाह्यरेषा असलेली, कारण फाँट त्यांच्या संगणकावर नसला की जोडाक्षरं सुटी होऊन येतात. आणि पहिला ग्लास स्वतः वाचून बघितल्याशिवाय पुढच्यांना हो म्हणू नका.